अल्फिएरी नुसता साक्षीदार नाही

आर्थर मिलरच्या ‘अ व्ह्यू फ्रॉम द ब्रिज’मधला वकील अल्फिएरी म्हणजे ग्रीक कोरसचा आधुनिक अवतार, असं म्हणून बहुतेक विवेचक पुढे जातात. या ओळखीत तथ्य आहे, पण तिच्यामुळे नाटकातला सर्वांत अवघड प्रश्न नजरेआड होतो. ग्रीक शोकांतिकेतला कोरस हळहळतो, सावध करतो, देवांचा धावा करतो. तो अशिलाला सल्ला देत नाही. अल्फिएरी देतो.

ब्रुकलिनमधल्या रेड हुक या गोदी कामगारांच्या वस्तीत त्याचं ऑफिस आहे. तो दिसला की लोक बिचकून मान हलवतात, कारण वकील किंवा पाद्री भेटणं म्हणजे काहीतरी वाईट घडणार. तो स्वतः पंचविसाव्या वर्षी इटलीहून आलेला, त्यामुळे एडी कार्बोनचं जग त्याला परकं नाही. एडीने बायकोच्या नात्यातल्या दोन भावांना, मार्को आणि रोडॉल्फोला, घरात आसरा दिलाय; दोघे सिसिलीहून बेकायदा आलेत. एडीने लेकीसारखी वाढवलेली बायकोची भाची कॅथरिन रोडॉल्फोच्या प्रेमात पडते आणि एडीचा तोल जातो.

तो अल्फिएरीकडे कायदा मागायला येतो. पोरगा नागरिकत्वासाठीच लग्न करतोय, हा त्याचा दावा. पुरावा काही नाही. अल्फिएरी सांगतो की यात कायद्याला काहीच करता येत नाही, अपवाद एकच: ते दोघे देशात कसे शिरले. लगोलग तो हेही म्हणतो की त्या वाटेला तू जाणार नाहीस. एडी हादरून नाही म्हणतो.

फितुरी काय असते हे एडीला पुरेपूर ठाऊक आहे. आपल्याच काकाची खबर देणाऱ्या विनी बोल्झानो या पोराचं पुढे काय झालं, ती गोष्ट त्याच्याच घरात कॅथरिनला ऐकवली गेली आहे. तोवर त्याच्या लेखी ते पाप होतं. वकिलाच्या टेबलावर तेच पाप कायदेशीर इलाज म्हणून समोर येतं. कायद्याने मान्य आणि तरीही लाजिरवाणं, हे अंतर मिलर स्वतः जगला. १९५६ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे त्याने इतरांची नावं सांगायला नकार दिला होता.

अल्फिएरीवर ठपका ठेवण्याचा माझा हेतू नाही. भाचीवरचं प्रेम कधीकधी मर्यादा ओलांडतं, हे एडीला तोंडावर सांगण्याचं धाडस तो करतो. दुसऱ्या भेटीत एडीच्या मनात काय शिजतंय हे ओळखून तो त्याला कळवळून बजावतो. पण एडी काय करणार हे कळूनही त्याला थांबवणारं एकही कलम अल्फिएरीजवळ नाही.

१९५५ च्या ब्रॉडवेवरच्या एकांकी रूपात पद्याचा वापर होता. पुढच्याच वर्षी पीटर ब्रुकने लंडनमध्ये केलेल्या दोन अंकी रूपासाठी मिलरने ते गद्यात आणलं. मला हा बदल मोलाचा वाटतो. पद्यातला अल्फिएरी नियतीच्या वतीने बोलल्यासारखा वाटला असता; गद्यात तो एक धंदा करणारा माणूस उरतो, आणि म्हणूनच त्याची असहायता खरी वाटते. मुळात ही हकीकत मिलरने व्हिन्सेंट लाँगी या गोदी कामगारांत वावरणाऱ्या वकिलाकडूनच ऐकली होती.

एडी अखेर खबर देतो आणि मार्को पकडला जातो, तेव्हा अल्फिएरी पुन्हा पुढे सरसावतो. एडीचा जीव घेणार नाही असा शब्द घेऊन तो मार्कोला जामीन मिळवून देतो. मार्कोची बायको आणि तीन मुलं तिकडे सिसिलीत आहेत; सुनावणीपर्यंत चार पैसे मिळवायला त्याला बाहेर असणं गरजेचं आहे. या हेतूत खोट काढता येत नाही. मात्र मार्कोचा न्याय पुस्तकातल्या कायद्याच्या बाहेरचा आहे, आणि जामिनावर सुटलेला मार्को एडीच्या दारात उभा राहतो. एडी स्वतःच्याच सुऱ्याने मरतो.

दोन्ही वेळा अल्फिएरी वकील म्हणून योग्य तेच करतो. अखेरीस तो एडीचा शोक करतो, आणि त्या शोकात धास्ती असल्याची कबुली देतो. ही धास्ती एडीच्या अनावर स्वभावाची आहे, असं सहसा मानलं जातं. मला तीत त्याच्या स्वतःच्या सल्ल्याची आणि स्वतः मिळवलेल्या जामिनाचीही सावली दिसते. दिग्दर्शकाने त्याला रंगमंचाच्या कडेला उभं करून नुसतं प्रेक्षकांशी बोलायला लावलं, तर ती दिसणार नाही. त्या दोन भेटी पूर्ण वजनाने व्हायला हव्यात, आणि तो एकच अपवाद सांगताना अल्फिएरी क्षणभर अडखळलेला प्रेक्षकांना कळायला हवा.