ज्ञानाची हाव आणि मिटलेले डोळे

ज्ञानाची हाव ही हावच असते का? सोन्याचा, सत्तेचा, अमरत्वाचा लोभ माणसाला कसा खातो, हे पुराणांनी आपल्याला पुरेसे सांगितले आहे. पण 'मला सगळे कळायला हवे' असे म्हणणाऱ्याला आपण लोभी म्हणत नाही. त्याला जिज्ञासू म्हणतो आणि मान देतो. २००८ साली एका साहसपटाला या प्रश्नाला भिडण्याची संधी मिळाली होती. स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा 'इंडियाना जोन्स अँड द किंगडम ऑफ द क्रिस्टल स्कल' हा मालिकेतला चौथा चित्रपट. जगभर त्याने सुमारे ७९ कोटी डॉलर कमावले, तरी मालिकेवर जीव असलेले असंख्य प्रेक्षक हिरमुसले. बहुतेकांनी दोष दिला तो शेवटी अवतरणाऱ्या परक्या विश्वातल्या जिवांना आणि त्यांच्या उडत्या तबकडीला. मला तो दोष दुय्यम वाटतो. कथेतली खरी परीक्षा नायकाऐवजी खलनायिकेला द्यायला लावली, हे त्या चित्रपटाचे मूळ दुखणे आहे. ते दूर करायचे तर कथानक कसे वळवावे लागेल, याचा विचार करताना ज्ञान आणि पात्रता यांचे नाते आपोआप उलगडत जाते.

आधीच्या तीन चित्रपटांत पवित्र वस्तू दरवेळी वेगळी आहे, पण घडण एकच आहे. १९८१च्या पहिल्या चित्रपटात नायक इंडियाना, म्हणजे इंडी, दैवी गोष्टींना बाजारगप्पा समजणारा माणूस म्हणून प्रवासाला निघतो. शेवटी मात्र बायबलमधली कराराची पेटी उघडताच तो सोबतच्या मॅरियनला डोळे मिटायला सांगतो आणि स्वतःही मिटतो. पाहण्यावर ज्याचा पेशा उभा आहे, त्या संशोधकाने पाहणे नाकारावे, हीच त्याची परीक्षा. अमरीश पुरींनी साकारलेल्या खलनायक मोलारामामुळे गाजलेल्या १९८४च्या दुसऱ्या चित्रपटाने भारताचे आणि कालीभक्तीचे विकृत चित्र रंगवले, त्याचे समर्थन करता येत नाही. पण तिथेही इंडी शेवटी पवित्र शिळा स्वतःकडे न ठेवता गावाला परत देतो. १९८९च्या तिसऱ्यात येशूचा प्याला जमिनीच्या भेगेत हाताच्या अंतरावर पडलेला असतो. इंडीसोबत आलेली एल्सा त्यासाठी हात लांबवते आणि जिवाला मुकते. इंडीही तोच हात लांबवतो, पण वडिलांच्या एका शब्दावर तो मागे घेतो. तिन्ही वेळा वस्तू हाती लागणे दुय्यम ठरते आणि ती सोडून देणे निर्णायक ठरते. या मालिकेतले देवत्व वस्तूत कमी आणि सोडण्याच्या क्षणात अधिक आहे.

चौथ्या चित्रपटाची सुरुवात या धाग्याला नेमकी जोडता आली असती. काळ १९५७. नेवाडाच्या वाळवंटात उभारलेल्या बनावट वस्तीत इंडी अडकतो आणि तिथेच अणुचाचणी होते. शिशाचे अस्तर असलेल्या फ्रिजमध्ये शिरून तो वाचतो, यावर लोक आजही हसतात. पण त्यानंतरची चौकट पाहा: एका टेकाडावर एकटा म्हातारा संशोधक आणि त्याच्यापुढे आभाळ झाकणारा तो ढग. देवाच्या पेटीतून जी आग बाहेर पडली होती, ती आता माणसाच्या हाती आली आहे, आणि ती केवळ ज्ञानातून आली आहे. पुढच्या कथेला यापेक्षा चांगला प्रश्न कोण देणार? चित्रपट मात्र तो तिथेच टाकून पेरूच्या जंगलातल्या हरवलेल्या नगरीकडे, स्फटिकाच्या एका कवटीमागे पळतो. अखेरीस सोव्हिएत अधिकारी इरिना स्पाल्को त्या जिवांकडे सर्वज्ञता मागते, ज्ञानाचा लोट तिला सोसत नाही आणि ती जळून जाते. शिक्षा योग्यच आहे. पण त्या वेळी इंडी काय करतो? बाजूला उभा राहतो आणि निसटतो. त्याच्यापुढे मोह ठेवलाच जात नाही, मग त्याने तो जिंकला असे कसे म्हणायचे?

म्हणून कथानक इथेच वळवावे. सर्वज्ञतेचा तो देकार स्पाल्कोच्या आधी इंडीला यावा. चित्रपटाने त्याची तयारी करून ठेवलीच आहे: वडील गेलेले, मित्र मार्कस ब्रॉडी गेलेला, आणि स्वतः इंडीला देशद्रोहाच्या संशयावरून विद्यापीठाने दूर केलेले. ज्याने आयुष्यभर सोने नाकारले आणि वस्तू संग्रहालयात जावी म्हणून जीव धोक्यात घातला, त्याला सगळी बुडालेली शहरे, सगळ्या मेलेल्या भाषा, सगळी उत्तरे एका क्षणात मिळू शकतात. हा लोभ त्याला लोभ म्हणून ओळखूच येणार नाही, कारण त्याने त्याला कायम कर्तव्याचे नाव दिले आहे. कवटीकडे टक लावून भ्रमिष्ट झालेला त्याचा मित्र ऑक्सली त्याच्यासमोर उभा असेल, आणि तरीही इंडीला वाटेल की मला हे पेलेल. मूळ चित्रपटात त्या नगरीचे रहिवासी निव्वळ मरण्यापुरते येतात. नव्या कथेत ती नगरी त्यांच्या पूर्वजांनीच बांधलेली असावी. आत काय आहे हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असावे, आणि ते न मागण्याचा निर्णय त्यांनी शहाणपणाने घेतलेला असावा. त्यांच्याकडे पाहूनच इंडी दुसऱ्यांदा डोळे मिटेल. पहिल्यांदा त्याने ते भयाने मिटले होते, आता समजून मिटेल.

यावर पहिला आक्षेप असा की स्फटिकाच्या कवट्याच मुळात बनावट आहेत, मग त्यांच्यावर एवढा तत्त्वविचार कशाला? वस्तुस्थिती खरी आहे. ब्रिटिश म्युझियमने १८९७ साली विकत घेतलेल्या कवटीवर जवाहिऱ्याच्या फिरत्या चाकाच्या खुणा आढळल्या. कोलंबसपूर्व अमेरिकेत असे चाक वापरात नव्हते. त्याबद्दलचा शास्त्रीय अभ्यास नेमका २००८ सालीच प्रसिद्ध झाला. पण यामुळे माझा मुद्दा पक्काच होतो. पावित्र्य जर वस्तूत नसेल, तर कथेला ते माणसाच्या निवडीतच शोधावे लागते. वस्तू परत करण्याची गोष्टही कल्पनेतली नाही. संशोधक हायरम बिंगहॅमने माचू पिचूहून नेलेल्या वस्तूंसाठी पेरूने २००८च्या अखेरीस येल विद्यापीठाला न्यायालयात खेचले आणि २०११-१२ मध्ये त्या परत मिळवल्या. संग्रहालयाचा हक्क सर्वांत वरचा नाही, हे इंडीला पडद्यावर कळले असते, तर चित्रपट आपल्या काळाशी बोलला असता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्ञानाला पात्रता लागते, असे म्हणताच आपल्या देशात अंगावर काटा यायला हवा. 'अधिकार' या एका शब्दाने इथे शतकानुशतके शूद्रांना आणि स्त्रियांना ज्ञानाच्या दाराबाहेर ठेवले. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली, ती हे दार किलकिले व्हावे म्हणूनच. म्हणून पात्रतेचा अर्थ नीट लावला पाहिजे. जन्मावरून ठरवलेली किंवा दुसऱ्याने दारात उभे राहून तपासलेली पात्रता ही निव्वळ मक्तेदारी आहे. खरी पात्रता साधकाने स्वतःपुरती तपासायची असते, आणि तिची कसोटी एकच: या ज्ञानासाठी मी काय सोडायला तयार आहे? कठोपनिषदातला नचिकेत ज्ञानासाठी हटून बसतो, पण यमाने देऊ केलेले दीर्घायुष्य, संपत्ती आणि राज्य नाकारून. स्पाल्कोला ज्ञान हवे आहे ते शत्रूच्या मनावर ताबा मिळवण्यासाठी. दोघेही मागतातच, पण एकाचे हात मोकळे आहेत आणि दुसरीची मूठ वळलेली आहे. त्या वळलेल्या मुठीलाच हाव म्हणायचे.

उरतो तो नेहमीचा आक्षेप: हा करमणुकीचा चित्रपट आहे, त्याच्यावर एवढे ओझे का लादायचे? पण हे ओझे मालिकेने स्वतःच उचलले होते. पेटी, शिळा आणि प्याला यांना हात घालणाऱ्या कथा प्रेक्षकाला देव आणि माणूस यांच्यातल्या सीमेवर नेऊन उभे करतात. तिथे उभ्या राहिलेल्या नायकाला काहीच सोडावे लागले नाही, तर प्रेक्षकाला फसवणूक जाणवते, मग ती त्याला शब्दांत मांडता येवो वा न येवो. नेवाडाच्या ढगापुढे उभा असलेला तो म्हातारा आजही आपल्याला विचारतो आहे: जे कळू शकते, ते सगळे कळून घेण्याइतके आपण मोठे झालो आहोत का? त्याचे उत्तर तबकडी देऊ शकत नव्हती. सगळे कळण्याची वेळ हाताशी आली असताना ज्याने आपण होऊन डोळे मिटले, तोच ते देऊ शकला असता.