*हळहळ वेगळी, पश्चात्ताप वेगळा*



"तेव्हा नवनगरात प्लॉट घेतला असता तर..." "तेव्हा सोनं मोडलं नसतं तर..." ही 'असतं-नसतं'ची वाक्यं आपल्या घराघरांत ऐकू येतात. बोलणाऱ्याला वाटतं, नुसतं मन मोकळं केलं. पण ज्यांनी निर्णय घेतला होता, त्या वडिलांच्या, त्या थोरल्या भावाच्या काळजात ते रुतून बसतं. म्हणून आज यावर चिंतन करूया.

अर्थशास्त्रानंही या 'तर'चा अभ्यास केला आहे. 1982 मध्ये ग्रॅहम लूम्स आणि रॉबर्ट सग्डेन यांनी, आणि त्याच वर्षी डेव्हिड बेल यांनी स्वतंत्रपणे मांडलं, की माणूस निवड करताना फक्त नफा-तोटा बघत नाही. 'दुसरं घेतलं असतं तर' ही पुढची हळहळ तो आधीच मनात भोगतो, आणि ती टाळता येईल असा निर्णय घेतो.

कानेमन आणि ट्वर्स्की यांनी लोकांना विचारलं होतं: दोघांचं शेअरमध्ये सारखंच नुकसान झालं. एकाचं शेअर बदलल्यामुळे, दुसऱ्याचं बदलायचा विचार करूनही न बदलल्यामुळे. जास्त वाईट कुणाला वाटेल? बहुतेकांनी बदलणाऱ्याकडे बोट दाखवलं. म्हणूनच आपण चार लोक जातात त्या वाटेनं जातो. मुलाचा कल नसला तरी इंजिनिअरिंगला घालतो. चुकलं तरी चौघांबरोबर चुकलो, एवढंच समाधान!

आता आपल्या गावाजवळचं उदाहरण बघा. हुबळीच्या बी.व्ही.बी. कॉलेजात शिकलेल्या सुधा मूर्तींनी 1981 मध्ये आपल्या बचतीतले 10,000 रुपये दिले आणि पुण्यात इन्फोसिस सुरू झाली. 1993 मध्ये तिचा शेअर 95 रुपयांना विक्रीला आला, तेव्हा पुरेसे घेणारेसुद्धा मिळाले नाहीत. आज कितीजण म्हणतात, "तेव्हा शंभर शेअर घेतले असते तर!" पण त्याच दशकात बाजारात आलेल्या कितीतरी कंपन्या लोकांचे पैसे घेऊन गायब झाल्या. त्यांचे शेअर न घेतल्याबद्दल कुणी देवापुढे साखर ठेवली का? हळहळीला फक्त हुकलेला फायदा आठवतो, टळलेलं संकट आठवत नाही.

आपल्या भाषेनं इथे दोन शब्द दिले आहेत. मिळालं नाही त्याची ती हळहळ. वाईट वागलो त्याचा तो पश्चात्ताप. पश्चात्ताप माणसाला सुधारतो: माफी मागायला लावतो, घेतलेलं परत करायला लावतो. हळहळ नुसतीच पोखरते, आणि पुढे दुसऱ्यावर आरोप होऊन बाहेर पडते.

मग निर्णय कसा तपासायचा? फळावरून नाही. त्या दिवशी जेवढं ठाऊक होतं, तेवढ्यात नीट विचार केला होता का? घरच्यांना विचारलं होतं का? कुणाला फसवलं तर नव्हतं ना? एवढ्याची उत्तरं नीट असतील तर फळ उणं आलं तरी निर्णय चुकीचा नव्हता. आणि कुणाला फसवून नफा झाला असेल, तर पैसा आला तरी पश्चात्ताप व्हायलाच हवा.

*या आठवड्याचा नेम:* घरात एकदाही "तुम्ही तेव्हा असं केलं असतं तर" म्हणायचं नाही. आणि वडीलधाऱ्यांना आजवर असं बोलून दुखावलं असेल, तर जवळ बसून सांगूया, "तेव्हा तुम्हाला जे दिसलं, त्यात तुम्ही आमचं भलंच बघितलंत."