उजवी लेन कोणाची?

समजा, तुम्ही मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर आहात. सपाट रस्ता, सगळ्यात उजवी लेन, काटा बरोबर 100 वर. कारसाठी तिथली मर्यादा तेवढीच आहे. मागून एक गाडी येते, अगदी चिकटून चालते आणि डिपर मारायला लागते. तिला 130 ने जायचंय. तुम्ही नियमात आहात, ती नाही. साइड द्यायची का?

मनात पहिलं उत्तर येतं ते असं : का म्हणून? घाई त्याला आहे, मला नाही.

आधी त्या घाईचा हिशेब करू. एक्स्प्रेसवे साधारण 94 किलोमीटरचा. घाट, टोल, गर्दी काहीच नाही असं धरलं, तर 100 ने तो 56 मिनिटांत संपतो आणि 120 ने 47 मिनिटांत. वाचली नऊ मिनिटं. पण गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. वेग 20 टक्क्यांनी वाढवला, की धडकेतली ऊर्जा 44 टक्क्यांनी वाढते. वाचलेली नऊ मिनिटं त्या एकट्याची असतात. वाढलेला धोका मात्र शेजारून जाणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येतो, आणि तो घ्यायचा का हे त्यांना कोणी विचारलेलं नसतं. वेगमर्यादेचा नैतिक आधार हा आहे. ‘माझी गाडी, माझा जीव’ हे वाक्य रस्त्यावर खोटं ठरतं, कारण तिथे जीव एकट्याचा नसतो.

म्हणजे मागचा चुकला. पण त्यामुळे पुढचा आपोआप बरोबर ठरतो का?

आपल्याकडे गाडी डावीकडून चालवायची आणि उजवीकडून ओव्हरटेक करायचं, हा मूळ नियम आहे. उजवी लेन ‘फास्ट’ लोकांची नाही, ती ओव्हरटेक करण्यापुरती आहे. काम झालं, की परत डावीकडे यायचं. मधली लेन रिकामी असताना जो पंधरा किलोमीटर उजवीकडेच बसून राहतो, तोही नियम मोडतोय, काटा 100 वर असला तरी. वेगाचा नियम पाळला म्हणून लेनचा नियम माफ होत नाही.

तरीही हटायचं नाही असं वाटतं, कारण आतून एक आवाज येतो : ‘याला जरा धडा शिकवू.’ मला वाटतं, खरी गोम इथेच आहे. नियम पाळणं वेगळं आणि दुसऱ्याला नियम पाळायला लावणं वेगळं. दुसऱ्या कामाचा अधिकार तुम्हाला कोणी दिलेला नाही. शिवाय ते साधतही नाही. अडवलेला माणूस शांत होत नाही. तो डावीकडून घुसतो, दोन ट्रकांच्या फटीतून पुढे निघतो. तुम्ही त्याचा धोका कमी केला नाहीत, फक्त तो ट्रकवाल्याच्या दारात नेऊन सोडलात.

मग ट्रकवाल्याचं काय? तोही उजव्या लेनमध्ये येतो आणि कारवाले शिव्या घालतात. अवजड वाहनांनी डावीकडेच राहावं हा नियम योग्यच आहे. पण बोरघाटात भरलेला ट्रक एकदा मंदावला, की पुन्हा वेग घ्यायला त्याला किती कष्ट पडतात, हे कारमध्ये बसून कळत नाही. म्हणून तो पुढच्या ट्रकला ओलांडायला बाहेर येतो. दोघांच्या वेगात ताशी पाच किलोमीटरचा फरक असेल, तर 50 मीटर जास्त कापायला त्याला 36 सेकंद लागतात. चूक त्याचीच आहे, पण तिच्यामागे ओझं आहे. रिकाम्या रस्त्यावर उजवीकडे बसलेल्या कारमागे तेवढंही कारण नसतं.

कांट या जर्मन तत्त्वज्ञाची एक कसोटी आहे : मी ज्या नियमाने वागतोय, त्याच नियमाने सगळे वागले तर चालेल का? सगळे 130 ने निघाले तर रस्ता जीवघेणा होईल. सगळे उजवीकडे बसले तर तीन लेनचा रस्ता एका लेनचा होईल. या कसोटीवर मागचाही नापास आणि पुढचाही.

एक आक्षेप उरतो. साइड दिली तर दादागिरी करणाऱ्याचंच फावतं. हो, फावतं. ते खुपतं आणि खुपायलाच हवं. त्याचा बंदोबस्त कॅमेऱ्यांनी आणि पोलिसांनी करायचा, त्यात ते कमी पडत असतील तर त्यांना जाब विचारायचा. पण त्यांची उणीव आपण आपल्या बंपरने भरून काढू शकत नाही.

म्हणून माझं उत्तर असं : शेजारी ट्रकांची रांग असेल, तर कितीही डिपर मारू दे, घाबरून फटीत घुसू नका. ओव्हरटेक पूर्ण करा. जागा मिळाली, की डावा इंडिकेटर द्या आणि मधल्या लेनमध्ये या. तो जाईल. तुमचा काटा तेव्हाही 100 वरच असेल.