गुपित कोणाचे?

मराठी कादंबरीतला तरुण महाविद्यालयात गेला की त्याचे भांडण बहुधा वडिलांशी होते. भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ सालच्या ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्यास शिकायला जातो, वडिलांच्या पैशावर राहतो आणि वडिलांच्याच जगाशी झगडतो. आईचे अंतरंग मात्र मराठी कादंबरीत त्याआधी तीस वर्षे उघडले गेले होते. ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आणि १९३४ साली ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. शिकलेल्या मुलींचा कोंडमारा आणि विवाहाच्या चौकटीबाहेरचे मातृत्व यांविषयी एका स्त्रीने इतके उघड लिहावे, याने महाराष्ट्र ढवळून निघाला. परंतु बाईंनी काय लिहिले यापेक्षा ही बाई कोण, याचाच शोध अधिक झाला. (त्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर.) त्या पुस्तकांत काही पाप असेलच, तर आमच्या मते लोकांचे हे कुतूहल त्याहून मोठे पाप होते.

अशा कादंबऱ्या वाचताना एक प्रश्न आमची पाठ सोडत नाही. कुटुंबातले गुपित नेमके कोणाचे? ज्या मातेने ते पोटात ठेवले तिचे, की ज्याच्या जन्माचे ते आहे त्या मुलाचे?

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत हा प्रश्न पुस्तकातून येत नाही, प्रवेशाच्या अर्जातून येतो. पाड्यावरची मुलगी बारावी होते, आसनगावहून लोकल पकडून अथवा मुरबाडहून एस.टी.ने कल्याणला जाऊन पुढचे शिक्षण घेण्याची स्वप्ने पाहते. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी घरांतून ती बहुधा पहिलीच. राखीव जागेसाठी जात पडताळणी समितीपुढे वंशावळीचे प्रतिज्ञापत्र हवे. बाप, आजा, चुलते यांचे जुने दाखले हवेत. ज्या घरात मावशीने भाचीला आपली म्हणून वाढवले, अथवा बापाचे नाव केवळ अब्रूसाठी लावले, तेथे ती वंशावळ लिहिताना लेखणी अडते. अठरा वर्षे सर्वांनी मिळून सांभाळलेली गोष्ट तहसील कचेरीच्या आवारात, अर्ज लिहून देणाऱ्या परक्या माणसासमोर फुटते. अशी लेकरे आम्हांस ठाऊक आहेत. त्यांच्याविषयी याहून अधिक आम्ही लिहिणार नाही.

गुरुविद्यालयात आम्हांला शिकवले गेले की असत्य बोलणे पाप आहे, परंतु प्रत्येक सत्य प्रत्येकाला सांगण्याचे ऋण आपल्यावर नसते. शेजाऱ्याला, नातलगाला, धर्मग्रामातल्या चौकस मंडळींना हा नियम चोख लागू पडतो. त्यांनी गप्प बसावे. मूल मात्र तिऱ्हाईत नव्हे. ज्या गोष्टीतून त्याचा देह आणि नाव निर्माण झाले, तिच्याबाबत त्याला बाहेरचा मानणे आम्हांस पटत नाही.

संत आगस्टीनने असत्याविषयी जितके कठोर लिहिले तितके क्वचितच कोणी लिहिले असेल. कार्थेज येथे विद्यार्थी असतानाच तो बाप झाला. मुलाचे नाव अदेओदातुस, इ. स. ३८७ मध्ये मिलान येथे पितापुत्रांचा स्नानसंस्कार एकत्रच झाला. आगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनात मुलगा लपवला नाही, स्वतःचे पाप लपवले नाही. मात्र मुलाच्या मातेचे नाव लिहिले नाही. तिची अब्रू राखली गेली हे खरे. पण तिला आफ्रिकेत परत पाठवले तेव्हा तिच्या मनात काय होते, हे तिच्या तोंडून आपल्याला कधीच कळणार नाही. आपली आई मोनिका हिच्याविषयी मात्र त्याने पानेच्या पाने लिहिली.

आजचा कायदा या प्रश्नाशी अधिक सावधपणे वागला आहे. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका अविवाहित ख्रिस्ती मातेचा अर्ज होता. मुलाचे पालकत्व तिला एकटीला हवे होते आणि पित्याचे नाव उघड करण्यास ती तयार नव्हती. पित्याला नोटीस देण्याची सक्ती तिच्यावर नाही, असे न्यायालयाने ठरवले. मात्र आपले मातापिता कोण हे जाणण्याचा मुलाचाही हक्क आहे, हे न्यायमूर्तींनी तिला समजावले. तिने ते नाव न्यायालयाला सांगितले. ते लिफाफ्यात घालून मोहोरबंद करण्यात आले. न्यायालयाच्या आदेशावाचून तो उघडायचा नाही. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतही, ८७७ व्या कलमात, याच जातीची सावधगिरी आहे. अविवाहित मातेचे मातृत्व सर्वांना ठाऊक असेल, किंवा तिने स्वतःहून लेखी वा दोन साक्षीदारांसमोर मागणी केली, तर स्नानसंस्काराच्या नोंदवहीत तिचे नाव लिहावे, असे ते कलम सांगते.

आमचे मत असे. आपली आई कोण, आपला बाप कोण, हे मुलाचे देणे आहे आणि ते बुडवता येत नाही. ते कसे घडले, कोणी फसवले, कोणी टाकले, ही मातेची स्वतःची कथा होय. ती सांगणे न सांगणे तिच्या मर्जीवर. काकूने किंवा धर्मगुरूने मातेच्या आधी बोलू नये, तिचे मन वळवावे. एक अपवाद आम्ही करतो. नकळत एकाच रक्ताच्या दोघांचा विवाह ठरत असेल, तर ज्याला ते बाहेरून कळले त्याने गप्प राहू नये. पापनिवेदनात कानी पडलेले मात्र तेव्हाही ओठांवर येणार नाही. तेथे आम्ही त्या मातेपुढे हात जोडण्यापलीकडे काही करू शकत नाही.

आणि कादंबरीकार? त्याने जरूर लिहावे, परंतु ती माता जिवंत असेल आणि गावातल्या चारचौघांना पाचव्या पानावर ओळखू येत असेल, तर तिची संमती घ्यावी. साहित्यिक मित्रांना ही अट जाचक वाटेल.

बारावीचा निकाल आणि प्रवेशाचा अर्ज यांमध्ये फार दिवस नसतात. ज्या घरी असे काही सांगायचे राहिले आहे, तेथे दहावीनंतरच्या सुट्टीतच, भात लावणीची घाई सुरू होण्याआधी, मातेने मुलीला एकटीला जवळ बसवावे. नोंदवहीत नाव घालायचे असेल तर दोन साक्षीदार घेऊन आमच्याकडे यावे. ती नोंद कोणत्याही दिवशी करता येते.