मुकुट उतरल्यानंतर

१९८८ च्या ऑक्टोबरपासून १९९० च्या जूनपर्यंत दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'महाभारत' दाखवीत असत. बडनेऱ्यास आमच्या गल्लीत दूरचित्रवाणीचे यंत्र तेव्हा दोनच घरी होते. पडद्यावर श्रीकृष्ण दिसताच माझी आजी सावरून बसे व डोक्यावर पदर घेई. देव म्हणून तर खरेच; पण रुक्मिणीचे कौंडिण्यपूर आमच्या अमरावती जिल्ह्यातले, तेव्हा श्रीकृष्ण हा वऱ्हाडचा जावई, आणि जावयापुढे उघड्या डोक्याने कसे बसावे, हाही तिचा हिशेब असे. कॉलेजात चार इंग्रजी ग्रंथ वाचून शहाणा झालेला मी तिला हसत असे.

ती भूमिका करणारे नितीश भारद्वाज हे शिक्षणाने पशुवैद्य. पंचविशीच्या सुमारास या मराठी तरुणाच्या मस्तकी जो मुकुट बसला, तो पुढे उतरेना. १९९१ मध्ये पद्मराजन यांच्या मल्याळी चित्रपटात त्यांच्या वाट्याला आला तोही गंधर्वच! १९९६ मध्ये जमशेदपूरने त्यांस लोकसभेत पाठविले. १९९९ मध्ये राजगढने नाकारले. २०१३ मध्ये त्यांनी 'पितृऋण' हा मराठी चित्रपट दिग्दर्शित केला. ही कृती सर्वस्वी त्यांची. परंतु नमस्कार अद्यापि येतात ते गीता सांगणाऱ्यासच, जिचे संवाद राही मासूम रझा यांनी लिहिले होते.

मनुष्याने स्वेच्छेने जे केले त्याचेच पुण्य वा पाप त्याच्या पदरी टाकावे, हा नीतिशास्त्राचा पहिला पाठ. नटाच्या बाबतीत तो आपण सहज विसरतो. निळू फुले यांचेच पाहा. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वाढलेला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यात राबलेला हा सालस गृहस्थ. पण 'सामना'तील हिंदुराव पाहिलेल्या कित्येक बायका त्यांच्या नावाने बोटे मोडीत. बायकांचे कशाला सांगू? त्यांची एखादी मुलाखत ऐकताना, या सौम्य बोलण्यामागे काही डाव तर नसेल, अशी शंका माझ्याही मनास चाटून जाई. आणि मी तर्कशास्त्र शिकविणारा!

आमच्या खेड्यांतील दंडारीत ही गफलत होत नसे. रात्री कृष्ण झालेल्या पोराच्या पाया म्हातारी माणसेही पडत, आणि सकाळी तीच माणसे त्याला ज्वारीच्या राखणीस पिटाळीत. रात्रीचा नमस्कार खोटा नव्हता व सकाळचा हुकूमही अपमान नव्हता. एकाच पोराचे दोन्ही हक्काचे होते. दूरचित्रवाणीने नटास घराघरांत आणले खरे, पण ती दुसऱ्या दिवसाची सकाळ काही आणली नाही. नटाचा रंग कोणी पुसलेला आपण पाहिलाच नाही, मग तो पुसला गेला हे मनाने मानावे तरी कसे?

एकदा एका मासिकात भारद्वाज यांचे साध्या सदऱ्यातील छायाचित्र छापून आले. आजीचा भ्रम फिटेल, या दुष्ट आनंदाने मी ते तिच्यापुढे धरले. "हाच तुझा जावई!" तिने चष्मा लावून बराच वेळ निरखले. "पोरगा चांगला हाय," ती म्हणाली. "कोनाचा हाय? लगन झालं काय याचं?"

पुढल्या रविवारी शंख वाजला, आणि तिने पुन्हा पदर डोक्यावर घेतला.