हातातले आणि हाताबाहेरचे

इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात, केंट परगण्यात, डील नावाचे गाव आहे. अठराव्या शतकात या गावासमोर एका वेळी शेकडो शिडाची जहाजे नांगरलेली दिसत, तरीही त्याला बंदर असे नव्हतेच. ना खाडी, ना धक्का. उतरता, गोट्यांनी भरलेला किनारा आणि त्यापुढे थेट समुद्र. किनाऱ्यापासून सुमारे सहा मैलांवर गुडविन सँड्स हा दहा मैल लांबीचा वाळूचा पट्टा भरतीला पाण्याखाली दडतो. त्याच्या आडोशाला जे जरा निवांत पाणी मिळते, त्याला ‘डाउन्स’ म्हणतात. टेम्स नदीतून निघालेली जहाजे इथे येऊन थांबत, कारण पुढे इंग्लिश खाडीतून अटलांटिक गाठायचा तर नैर्ऋत्येचा वारा नेमका तोंडावर येई. वारा फिरेपर्यंत दिवस जात, कधी आठवडे. मुंबई-मद्रासकडे निघालेली ईस्ट इंडिया कंपनीची जहाजेही याच पाण्यात ताटकळत उभी असत.

थांबलेल्या जहाजाला सगळेच लागते: पाणी, भाजीपाला, मांस, तुटलेल्या नांगराच्या बदली दुसरा नांगर, वाट दाखवणारा जाणकार नाविक. डीलचे नावाडी हे सगळे होड्यांतून पोचवत. होडी गोट्यांवरून घसरवत फुटत्या लाटेत लोटायची आणि परतताना तशीच वर ओढायची. हे त्यांचे कसब सबंध इंग्लंडला ठाऊक होते. त्यांचे दुसरे कसबही तितकेच ठाऊक होते: चहा, ब्रँडी आणि लेस जकात चुकवून उतरवण्याचे. आडोसा देणारी वाळूच माणसे गिळतही असे. नोव्हेंबर १७०३ च्या महावादळात गुडविनवर आरमाराची चार जहाजे फुटली आणि हजारावर खलाशी बुडाले. डॅनियल डीफोने त्या वादळावर पुस्तक लिहिले. बुडत्या माणसांकडे पाठ फिरवून डीलचे लोक वाहून आलेला माल गोळा करत राहिले, असा ठपका त्याने ठेवला. जकातखात्याच्या होड्या जबरदस्तीने ताब्यात घेऊन दोनशे जीव वाचवणाऱ्या डीलच्या महापौराची हकिकतही त्याच पुस्तकात आहे.

अशा गावात १६ डिसेंबर १७१७ रोजी एलिझाबेथ कार्टर जन्मली. वडील निकोलस कार्टर हे तिथल्या सेंट जॉर्ज चॅपलचे पाद्री. आईने माहेरून आणलेला पैसा १७२० साली साउथ सी कंपनीच्या शेअरांचा फुगा फुटला त्यात गेला आणि एलिझाबेथ दहा वर्षांची असताना आईही गेली. वडिलांनी मुलगे आणि मुली असा भेद न करता सर्वांना लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू शिकवायला घेतले. त्यात ही थोरली सर्वांत मंद निघाली. इतकी, की हा नाद सोडून दे, असे वडिलांनी तिला अनेकदा सुचवले. तिने सोडला नाही. रात्री झोप येऊ नये म्हणून ती तपकीर ओढे, डोक्याला ओला पंचा गुंडाळे, हिरवा चहा पिई, कॉफीच्या बिया चघळे. या हट्टाची किंमत म्हणून डोकेदुखी जन्मभर सोबतीला राहिली.

तिच्या पहाटेची व्यवस्था तर एखाद्या यंत्रासारखी होती. उशाशी घंटा, घंटेला दोरी, दोरीचे दुसरे टोक खिडकीतून खाली बागेत. चर्चचा सेवक पहाटे चार-पाचच्या सुमारास कामावर निघाला की जाता जाता ती दोरी ओढे. उठल्यावर आधी अभ्यास, मग गावाबाहेर लांबवर पायपीट, मग न्याहारी. फ्रेंच ती कँटरबरीला एका ह्यूगनॉ (फ्रेंच प्रोटेस्टंट) निर्वासित पाद्र्याच्या घरी राहून शिकली. इटालियन, स्पॅनिश आणि जर्मन स्वतःच्या बळावर. पुढे पोर्तुगीज आणि थोडी अरबीही. शिवाय खगोलशास्त्र, प्राचीन भूगोल आणि बासरी.

सोळाव्या-सतराव्या वर्षी, १७३४ मध्ये, ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये ‘एलायझा’ या नावाने तिच्या कविता येऊ लागल्या. संपादक एडवर्ड केव्ह वडिलांचे स्नेही. त्यांच्याच वर्तुळात तिची लेखक सॅम्युअल जॉन्सनशी ओळख झाली. तोही तेव्हा लंडनमध्ये नवखा होता. तिच्या गौरवासाठी त्याने ग्रीक आणि लॅटिनमध्ये चुटके रचले. १७३९ मध्ये तिने अल्गारोत्तीचे, न्यूटनचे विज्ञान स्त्रियांना समजावून सांगणारे, इटालियन पुस्तक इंग्रजीत आणले. वय एकवीस, राजधानीत नाव झालेले, प्रकाशक पाठीशी. आणि त्याच वर्षी ती लंडन सोडून डीलला परतली.

हे परतणे चरित्रकारांना नेहमी कोड्यात टाकते. मुख्य रस्ता सोडून ती आडवाटेला गेली, असे आपल्याला वाटते. पण लंडनमध्ये तिचे काय होते? दुसऱ्याचे छापखाने, दुसऱ्याने सुचवलेली भाषांतरे, पानामागे ठरलेला मोबदला. डीलमध्ये पहाट तिची होती. बाकीचा दिवस मात्र घराचा होता. वडिलांनी दुसरे लग्न केले होते, घर वाढले होते. भावांचे सदरे शिवणे, स्वयंपाकात हात लावणे आणि धाकट्या सावत्र भावाला, हेन्रीला, शिकवणे हे तिच्याकडे होते. हेन्रीला तिने घरी बसवून केंब्रिजसाठी तयार केले. त्या विद्यापीठाचे दार तिला बंद होते. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडावे लागले.

या धबडग्यात १७४९ मध्ये मैत्रीण कॅथरिन टॅलबटने आग्रह धरला: एपिक्टेटस इंग्रजीत आण. कॅथरिन ही पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झालेल्या टॉमस सेकर यांच्या घरी वाढलेली. ग्रीक न येणाऱ्या मैत्रिणीला वाचता यावे, एवढाच सुरुवातीचा हेतू. डीलहून मजकुराची पाने जात, सेकर यांच्याकडून दुरुस्त्या परत येत. काम रेंगाळत चालले, कारण मधे हेन्रीचा अभ्यास होता. अखेर १७५८ मध्ये, ज्या साली मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या त्याच साली, एपिक्टेटसचे उपलब्ध सर्व साहित्य प्रथमच संपूर्णपणे इंग्रजीत आले. मुद्रक होते कादंबरीकार सॅम्युअल रिचर्डसन. पुस्तक आगाऊ वर्गणी घेऊन काढले होते. किंमत एक गिनी, वर्गणीदार हजारावर. पहिल्या १०१८ प्रती पुरल्या नाहीत. त्याच वर्षी आणखी २५० छापाव्या लागल्या. एलिझाबेथच्या हाती जवळजवळ एक हजार पौंड आले.

एपिक्टेटस पहिल्या-दुसऱ्या शतकातला, रोममध्ये गुलाम म्हणून राहिलेला आणि पुढे मुक्त झालेला स्टोइक तत्त्वज्ञ. त्याच्या शिकवणीचा पाया एका विभागणीवर आहे. आपली मते, इच्छा, नकार हे आपल्या हाती. शरीर, मालमत्ता, लौकिक, अधिकार हे हाताबाहेरचे. पहिल्यावर लक्ष ठेवा, दुसऱ्याची आस सोडा, म्हणजे कोणी तुम्हाला गुलाम करू शकणार नाही. वारा फिरण्याची वाट पाहणाऱ्या गावात हे तत्त्वज्ञान वेगळे समजावून सांगावे लागत नसेल. डीलच्या नावाड्याला वारा आणि वाळू हाताबाहेर असतात हे लहानपणीच कळे. होडीची डागडुजी आणि लाट ओळखण्याची नजर तेवढी त्याची.

पण एलिझाबेथने भाषांतराला जोडलेली प्रस्तावना पाहिली, तर ती एपिक्टेटसची भक्त म्हणून लिहीत नाही. दुःख हे दुःखच नाही असे म्हणणारे तत्त्वज्ञान माणसाच्या दुबळेपणाकडे डोळेझाक करते, हा तिचा मुख्य आक्षेप. असह्य झाले तर जगातून निघून जायची मुभा स्टोइक देतात, यालाही तिने आणि टॅलबटने ठाम हरकत घेतली. आक्षेपाची भाषा ख्रिस्ती श्रद्धेची आहे, हे खरे. पण डोकेदुखीने दिवसच्या दिवस अंथरुणाला खिळणाऱ्या बाईला शरीर ‘हाताबाहेरचे, म्हणून गौण’ असे मानणे पटणार नव्हते, एवढेही त्यात वाचता येते.

मला तिच्या आयुष्यात याहून मोठा आक्षेप दिसतो. तो तिने लिहिला नाही, जगून दाखवला. हातातले आणि हाताबाहेरचे यांच्यातली रेघ एपिक्टेटसला निसर्गाने आखलेली वाटते. प्रत्यक्षात ती पुष्कळदा कायदा, पैसा आणि रिवाज आखतात. त्या काळच्या इंग्लिश कायद्याने विवाहित स्त्रीची रोकड आणि कमाई नवऱ्याची होई. हे बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे व्हावे लागले. म्हणजे एलिझाबेथने लग्न केले असते तर तेच हजार पौंड, तेच ग्रीक, तीच मेहनत, पण पैसा ‘हाताबाहेरचा’ ठरला असता. तिने आलेल्या मागण्या नाकारल्या आणि अविवाहित राहिली. १७६२ मध्ये तिने डीलमध्ये साउथ स्ट्रीटला, समुद्रालगत, स्वतःचे घर घेतले. वडील तिच्या घरी राहायला आले आणि १७७४ मध्ये मृत्यू होईपर्यंत तिथेच राहिले. दोघांच्या पुस्तकांच्या खोल्या वेगळ्या. भेट बहुधा जेवणाच्या टेबलावर. पाद्र्याची मुलगी बापाच्या घरी राहते, हे जगाच्या ओळखीचे चित्र होते. इथे बाप मुलीच्या घरी राहत होता आणि घर ग्रीकच्या कमाईतून उभे होते.

रेघ उलट्या दिशेनेही सरकते, हे डीलने त्याच शतकात पाहिले. १७८० च्या दशकात पंतप्रधान विल्यम पिट यांनी चोरटा व्यापार मोडायचा म्हणून हिवाळ्यात, खराब हवेमुळे होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असताना, सैनिक पाठवले आणि त्या होड्या जाळून टाकल्या. नावाड्याची जी एकच वस्तू खात्रीने त्याच्या हातात होती, ती राज्याने एका दिवसात हाताबाहेरची करून टाकली. त्या नावाड्यांत चोरटे होते तसे बुडत्यांना वाचवणारेही होते; आगीने भेद केला नाही. त्याच दशकात, १७८४ मध्ये, चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला गेला आणि चोरट्या चहातला नफाच आटला.

तिने मिळवलेली मोकळीक बिनशर्त नव्हती. जॉन्सन तिच्याबद्दल कौतुकाने म्हणे, की ही ग्रीकमधून एपिक्टेटस आणते आणि पुडिंगही तितकेच चांगले करते. आपल्याकडचे ‘घरचं सगळं सांभाळून पीएच.डी. केली’ हे वाक्य याच जातीचे. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्यात परवान्याची अट दडलेली असते: आधी पुडिंग, मग प्लेटो. एलिझाबेथने ही अट वाद न घालता पाळली. तिचे आचरण निष्कलंक, धर्मश्रद्धा निर्विवाद, विणकाम-शिवणकाम चोख. त्यामुळे तिच्या ग्रीकचे कुणाला भय वाटले नाही. याच शतकाच्या शेवटी स्त्रियांच्या हक्कांसाठी लिहिणाऱ्या मेरी वॉल्स्टनक्राफ्टने ती अटच नाकारली आणि तिच्या वाट्याला बदनामी आली. एकीने रेघ गुपचूप काही हात सरकवली, दुसरीने ती पुसायचे म्हटले. पहिलीला भित्री म्हणणे सोपे आहे. पण हजारावर वर्गणीदारांनी एका बाईच्या ग्रीकवर गिनी लावली, हे घडून गेले नसते तर दुसरीला ऐकणारे कमी भेटले असते, असे मला वाटते.

१७६२ च्या कवितासंग्रहानंतर तिने मोठे असे पुस्तक दिले नाही. हिवाळ्यात लंडनला क्लार्जेस स्ट्रीटवर भाड्याची जागा, एलिझाबेथ माँटेग्यूच्या ‘ब्लूस्टॉकिंग’ या विदुषींच्या मंडळातली संभाषणे. उरलेले वर्ष डील, पायपीट, पत्रे आणि वाचन. १७७५ मध्ये माँटेग्यूने तिला वर्षाला शंभर पौंड लावून दिले. पोट भरण्यासाठी लिहिण्याची गरज संपली आणि लिहिणेही जवळजवळ थांबले. एवढी बुद्धी वाया गेली, असे आपण म्हणतो. पण रोज थोडे हिब्रू, थोडे ग्रीक, थोडे लॅटिन वाचणारी बाई जगाला काही देणे लागत होती का? विद्वान पुरुषाला नुसते वाचत बसण्याची चैन त्या काळी सहज मान्य होती. ती चैन स्वतःच्या पैशाने विकत घेणारी स्त्री मात्र आपल्याला आळशी किंवा थकलेली वाटते.

१९ फेब्रुवारी १८०६ रोजी लंडनमध्ये, अठ्ठ्याऐंशी वर्षांची असताना, ती वारली. पुस्तक मात्र प्रवास करत राहिले. १८६५ मध्ये अमेरिकेत टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन यांनी एपिक्टेटस पुन्हा इंग्रजीत आणला तो तिचेच भाषांतर पायाशी घेऊन, आणि तसे मुखपृष्ठावर नोंदवून. हे हिगिन्सन यादवी युद्धात मुक्त गुलामांच्या पलटणीचे कर्नल होते. ज्यांच्याबरोबर ते लढले त्या शिपायांना स्वातंत्र्य मनात असते एवढे सांगून भागणारे नव्हते. त्यांचे शरीर, मजुरी आणि मुले कायद्याने त्यांच्या हाती यावी लागली.

म्हणून ‘घर सांभाळून’ विद्वान झालेल्या बाईचा सत्कार करताना तिच्या जिद्दीच्या आधी हिशेब विचारावा. पहाटेची दोरी कोण ओढत होते? भावंडांबरोबर तिलाही पाटी मिळाली का? कमाई कोणाच्या नावावर जमा झाली? घराच्या कागदावर सही कोणाची? एलिझाबेथ कार्टरला या चारही प्रश्नांची उत्तरे देता आली असती. बुद्धी तिच्याइतकी, पण यातले एकही उत्तर नसलेल्या बायका डीलमध्येही होत्या. त्यांच्यावर लेख लिहायला काही शिल्लक राहिलेले नाही.