काढून टाकलेली ओळ

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटनला खेटून होव्ह आहे. तिथल्या गोल्डस्टोन मैदानावर ब्रायटन अँड होव्ह अल्बियन हा क्लब 1902 पासून 1997 पर्यंत खेळला. आज तिथे मोठाली दुकानं आणि त्यांचं पार्किंग आहे. प्रीमियर लीगमुळे ब्रायटन आता आपल्याकडच्या मोबाईलवरही दिसतं, पण मला या क्लबचं वेड लागलं ते एका ओळीमुळे.

क्लबच्या घटनेत एक कलम होतं. क्लब गुंडाळायची वेळ आलीच, तर उरलेल्या मालमत्तेतून कुणी स्वतःचा खिसा भरायचा नाही. नव्वदच्या दशकात, क्लब कर्जात असताना, हे कलम घटनेतून गळालं. 1995 मध्ये मैदान विकलं गेलं, तेही नव्या मैदानाचा पत्ता नसताना. गळालेली ओळ सापडली चाहत्यांना. बोभाटा झाल्यावर ती परत घातली गेली. माझं काम कोडचं. इतरांनी केलेले बदल रोज तपासतो, आणि वाढवलेल्या शंभर ओळींपेक्षा काढलेल्या एका ओळीपाशी जास्त वेळ थांबतो.

मालकाने आपली जमीन विकली, यात गैर काय? तिकीट काढून वर्षानुवर्षं उभं राहिलं म्हणून सातबाऱ्यावर नाव चढत नाही. हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. पण ते कलम म्हणजे शब्द होता. मैदान कुणाच्या नफ्यासाठी नाही, या भरवशावर तीन-चार पिढ्यांनी आपले शनिवार तिथे घातले. समोरच्याने आपला वाटा देऊन झाल्यावर शब्द गुपचूप मागे घेणं, याला मी मालकाचा हक्क म्हणणार नाही.

8 फेब्रुवारी 1997 ला दुसऱ्या क्लबांचे चाहते आपापल्या जर्सी घालून गोल्डस्टोनवर आले. ब्रायटनने त्या दिवशी हार्टलपूलला 5-0 हरवलं. 26 एप्रिलला डॉनकास्टरविरुद्ध शेवटची मॅच झाली, 1-0. ती संपल्यावर लोकांनी मैदानातली हिरवळ उपटून घरी नेली. कागदोपत्री ही चोरीच. मला तसं म्हणवत नाही.

पुढची दोन वर्षं 'घरच्या' मॅच शंभरावर किलोमीटर लांब, जिलिंगहॅमला. मग विदडीनच्या अॅथलेटिक्स ट्रॅकवर, जिथे खेळाडू प्रेक्षकांपासून कोसभर लांब वाटायचे.

शेवटी फाल्मर गावाजवळची जागा ठरली, आणि इथे माझंच म्हणणं अडखळतं. गावकऱ्यांचा विरोध होता, शेजारच्या लुईस कौन्सिलचाही. ज्यांचं आयुष्य जागेशी बांधलेलं, त्यांचा तिच्यावर हक्क, असं मानायचं तर गावकऱ्यांचं काय चुकलं? फरक मला एवढाच दिसतो की इथे सगळं उघड झालं. जाहीर चौकशी झाली, मंत्र्यांनी परवानगी दिली, ती कोर्टात गेली, 2007 मध्ये पुन्हा द्यावी लागली. गोल्डस्टोनच्या लोकांना एवढंही मिळालं नव्हतं.

2011 मध्ये स्टेडियम सुरू झालं. फाल्मरच्या वेशीवर आता मॅचच्या दिवशी तीस हजार माणसं उतरतात. आपलं म्हणणं ऐकून घेतलं गेलं, याचं तिथल्या हरलेल्या माणसाला कितपत समाधान असेल, हे मला तिथेच जाऊन विचारायचंय.